लूत, कुत्री आणि रोशाचं तेल

जनावरांच्या दवाखान्यात दहा वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच अंगाला चिकटतात. माझे तर बरेचसे तेलकट आहेत!

ऐंशीच्या दशकात साक्रीकडच्या एका छोट्या दवाखान्यात मी डॉक्टर होतो. कुत्र्यांना लूत लागली की औषध धुळ्याहून येईपर्यंत निम्मे केस झडलेले असायचे. डोंगरातले लोक रोशा गवताचं तेल काढत. कातडीतले किडे त्याने मरतात का बघू, म्हणून करंजाच्या तेलात त्याचे चार थेंब घालून मी द्यायला लागलो.

* * *

आमचे मलमपट्टीवाले ड्रेसर नाना हात सैल सोडणारे. "थेंब थेंब काय टाकता साहेब?" म्हणत त्यांनी एकदा माझ्या माघारी नुसतं रोशाचं तेलच चोळलं. कुत्रं जे सुटलं ते भर बाजारातून, मिरच्यांचे ढीग उधळत थेट नदीत! मी धावत जाऊन त्याला साबणाने धुतलं आणि नानांवर जाम भडकलो.

नाना शांतपणे म्हणाले, "पण साहेब, एकदा तरी खाजवलं का त्याने?"

* * *

तेल कुत्र्याने चाटू नये, म्हणून एका शेतकऱ्याला सांगितलं, जुन्या टोपलीचं बूड कापून त्याच्या गळ्यात अडकव. आठ दिवसांनी भाऊ अहिराणीत तक्रार घेऊन हजर.

"डाक्टर, आते तो चाटस नही. पन चोर उना तरी भुकस नही. त्याले लाज वाटस!"

* * *

रोशाच्या तेलाला गुलाबासारखा वास. कापडवाल्या शेठजींचं कुत्रं पार बरं झालं, तरी शेठजी बाटली घेऊन दारात!

"आता कशाला तेल?"

"डॉक्टरसाब, गिऱ्हाईक विचारतं, दुकानात अत्तर कोणतं लावता? बंद कसं करू?"

* * *

आणि अक्का. डोंगराकडच्या गावातली एकटी म्हातारी. तिच्या काळूला लूत लागली आणि गावातली पोरं खाजवायला लागली. कुत्रं गावाबाहेर काढ, नाहीतर विष घालू, असं सरपंचांनी बजावलं. अक्का माझ्यासमोर रडली. "हाऊ मरना ते मी कोनासंगे बोलू?"

मी तेल दिलं, पण गुण येईल याची खात्री माझी मलाच नव्हती.

अक्काने काळूला घेऊन सरळ शेतातल्या झोपडीत बिऱ्हाड हलवलं. रोज तेल, रोज ऊन. महिन्याभराने मी बघायला गेलो, तर काळूच्या पाठीवर नवे केस! मलाच उड्या माराव्याशा वाटल्या.

तेवढ्यात सरपंच चार माणसं घेऊन आले. मनगट खाजवत म्हणाले, "अक्का, झालं गेलं सोड. काळूले घेऊन घर चाल."

अक्काने काळूला जवळ ओढलं.

"नही आबा. पहिले बठ्ठा, सगळा गावले तेल लावा. नहीते मना काळूले परत लूत लागी जाई!"