शकूआत्याचं 'सावधान'

पिंकीच्या लग्नात शकूआत्याचा दम पहिल्यांदा मध्येच संपला, तेव्हा आम्ही सगळे अक्षता टाकत होतो.

आज आत्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शकूआत्या म्हणजे माझ्या पप्पांची मोठी बहीण. शाळेतून रिटायर झालेली, सिंधीपुऱ्यात आमच्याच घरात राहणारी, आणि अख्ख्या खानदानाची ऑफिशियल मंगलाष्टकवाली.

भटजी कोणीही असो, शेवटचं 'सावधान' आत्याचंच.

ते इतकं लांब जायचं की ताशेवाले काठ्या उचलून वाट बघत राहायचे.

घरातही तोच सूर. दूध उतू जायला लागलं, सावऽऽऽधान. मी स्कूटरला किक मारली, सावऽऽऽधान. पप्पांनी तिसरी जिलेबी उचलली, सावऽऽऽधान.

माझ्या बहिणीच्या, पिंकीच्या लग्नात ते मध्येच तुटलं. 'साव'वर थांबली, श्वास घेतला, मग 'धान'.

"माझं लग्न दोन हप्त्यांत लागलं," पिंकीचा नवरा म्हणाला. आत्याही हसली. हसता हसता खोकली.

मग तो खोकला राहिलाच.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी सिरप दिलं, मग ॲलर्जीची गोळी, मग वाफ. मम्मीने तिचं दही बंद केलं. शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमध आणून दिला. आत्या जिन्यात मधल्या पायरीवर टेकायला लागली, तर आम्ही म्हटलं, वय झालं.

एक दिवस डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही.

"राजू, हे माझ्या हातातलं नाही. फुफ्फुसाच्या स्पेशालिस्टला दाखव. उशीर नको करू."

उशीर नको म्हणे. आपल्याकडे तो स्पेशालिस्ट इंदूरहून महिन्यातून एका रविवारी येतो. तो रविवार नुकताच होऊन गेला होता.

घरात पंचायत बसली.

पप्पा म्हणाले, जळगाव. आपली भाषा, आपली माणसं, ट्रेनमध्ये बसलं की झालं. जावईबापू म्हणाले, इंदूर. मोठ्या मशिनी तिकडे, आणि आपलं इलाजाचं सरकारी कार्ड एमपीचं, बॉर्डरपलीकडे त्याला कोण विचारतं? ज्या नातेवाइकाला फोन करावा तो तिसऱ्याच डॉक्टरचं नाव सांगायचा.

आत्या पलंगावर बसून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती.

"तुम्ही भांडून घ्या निवांत. मी... थांबते."

ते मधलं थांबणं मी ऐकलं. मी उठलो आणि इंदूरला फोन लावला.

तारीख मिळाली ती पुढच्या आठवड्यातली. तो आठवडा कसा काढला, माझं मला माहीत. बुधवारा मोहल्ल्यातल्या माझ्या स्टेशनरीच्या दुकानात गिऱ्हाईक वही मागायचं आणि मी पेन द्यायचो.

जाताना असीरगडच्या बाजूला चढ लागला. मी रस्ता कमी आणि तिच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर जास्त बघत होतो. आकडा उतरला की माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर.

"समोर बघ रे राजू. माझ्या बोटात काय... पिक्चर लागून राहिला?"

इंदूरला डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, कब से है ये?"

मम्मी म्हणाली, दिवाली से. पप्पा म्हणाले, नहीं नहीं, ठंड में शुरू हुआ. मी म्हटलं, चार-पाँच महीने.

आत्याने वर्गात करतात तसा हात वर केला.

"पिंकी की शादी से. सावधान... पूरा नहीं पड़ा."

डॉक्टरांना काही कळेना. मी मंगलाष्टकांचं समजावून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"शादी कब हुई थी?"

"दो साल हो गए," पप्पा म्हणाले, अगदी हळू. आम्ही कोणी एकमेकांकडे बघितलं नाही.

फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती. डॉक्टर भला माणूस, खोटा धीर दिला नाही. "जो गया वो वापस नहीं आएगा. जो बचा है उसे संभालेंगे. पहले आते तो ज़्यादा बचता."

गोळ्या आणि ऑक्सिजनचं मशीन घेऊन आम्ही परत आलो.

मशीनची घरघर सुरू असली की घर शांत. लाईट गेली, घरघर थांबली, की सगळे ताडकन उभे. कोणी सिलेंडरकडे, कोणी इन्व्हर्टरकडे. दुकानातली लाईट गेली तरी मी आधी घरी फोन लावायचो.

"तिकडे आहे का लाईट?"

"आहे रे बाबा. तू काय... वायरमन आहे का?"

मला तिची फार भीती वाटायची त्या दिवसांत. म्हणजे तिची नाही, तिच्या वाक्यांची. रोज एखादा शब्द कमी व्हायचा.

पुढच्या तपासणीची तारीख आली. आदल्या दिवशी दुपारी मी गाडीत हवा भरत होतो, तेव्हा तिची व्हॉइस नोट आली.

"राजू... मफलर काढून ठेवला. उद्या घाटात... ओव्हरटेक नको करू. सावधान."

एवढंच. त्यात सूर नव्हता.

सकाळी गाडी दारात लावून मी वर गेलो. मशीन चालू होतं, तिचा श्वास थांबला होता. पप्पा तिच्या पायाशी बसले होते. मफलर तिने आधीच गळ्यात घातला होता.

तुमच्या घरात कोणी बोलता बोलता मध्येच थांबत असेल, तर वय झालं म्हणू नका. आणि रविवारची वाट बघू नका. हात जोडून सांगतो.

परवा स्वयंपाकघरात दूध वर आलं. माझी छोटी मुलगी चिमी एकटीच ओट्याजवळ होती. तिने आत्याचाच सूर लावला.

"सावऽऽऽ..."

बाहेर पप्पा, मम्मी, मी, तिघंही जागच्या जागी थांबलो. पुरतं का तिला, एवढंच ऐकत.

"...धान."

पुरलं. एका दमात.

दूध सगळं उतू गेलं. कोणी उठलं नाही.

शकूआत्या, आम्हा सगळ्यांचा तुला नमस्कार.