अंगठ्याखालचा शब्द

ज्याने जिभेला शब्द दिला आणि शब्दाच्या पोटात अर्थ ठेवला, त्या दयाळाला पहिला नमस्कार. दुसरा नमस्कार पुस्तके बांधणाऱ्या एका मावशींना. अर्थ आपल्या दारी येईल म्हणून त्या कधी बसून राहिल्या नाहीत. त्या स्वतःच त्याच्या दारी गेल्या.

मावशींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. छापखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, छत्तीस वर्षे त्यांची बैठक. उजव्या हाताला खळीचे भांडे, डाव्या हाताला दाभण आणि मेण लावलेला दोरा, पुढ्यात छापून आलेल्या कागदांचा ढीग. कागद दुमडावे, क्रमाने लावावे, शिवावे, पुठ्ठा चढवावा. हात शिवत राहत आणि डोळे वाचत राहत. पोथी म्हणू नका, प्रवास म्हणू नका, शेतीशास्त्र म्हणू नका. जे बांधले ते मावशींनी वाचले.

वाचताना अनोळखी शब्द आडवा येई. छापखान्यात शब्दकोश होता, पण तो मालकांच्या कपाटात, आणि कपाट कुलपात. मावशी काय करीत? अडलेल्या शब्दावर अंगठा ठेवीत. तो झाकला की उरलेली ओळ वाचीत, मागची वाचीत, पुढची वाचीत, आणि अंगठ्याखालच्या रिकाम्या जागी आपल्या रोजच्या बोलण्यातला एक शब्द बसवून पाहत. एकदा ओळ आली, ‘वाटसरू तृषार्त होता, विहीर दिसताच त्याने पोहरा आत सोडला.’ मावशींनी आधी ‘थकलेला’ बसवून पाहिला. ओळ लंगडली. थकलेला माणूस विहिरीच्या काठावर बसेल, पोहरा कशाला सोडील? मग ‘तहानलेला’ बसवला, आणि ओळ आपल्या पायांनी चालू लागली.

छापखान्यातल्या मंडळींनी त्यांचे नाव ठेवले ‘अंगठेबहाद्दर’. निरक्षराला लावायचे नाव वाचणारीला लावले! मावशींना त्याचा राग नव्हता. त्या म्हणत, “शब्द परका असला तरी त्याचे शेजारी ओळखीचे असतात. घर सापडेना तर आपण शेजाऱ्यांनाच विचारतो ना?”

आता ही विद्या कामाला कशी आली, ते ऐका.

मावशींचे थोरले बंधू, साऱ्या घराचे दादा, घड्याळजी होते. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर त्यांचे हातभर रुंदीचे दुकान. डोळ्याला भिंग लावून बसले की तिळाएवढा स्क्रू त्यांच्या चिमट्याला वश होई. पण त्या वर्षी दादांचेच यंत्र मंदावले. बोटे सुजली, आवाज जड झाला, दुपारी बसल्या जागी डोळा लागू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासले, गळ्यातली ग्रंथी आळसावली आहे म्हणाले, रोजची एक गोळी दिली आणि सूचनांचा छापील कागद हातात ठेवला. तीन महिने झाले, गोळी रोज पोटात जात होती आणि गुण येत नव्हता. पुढच्या खेपेस गोळी दुप्पट करावी लागेल, असे डॉक्टर बोलून गेले.

वहिनींनी मन घट्ट केले. दादांची हत्यारे, ती पोलादी चिमट्यांची पेटी, पलीकडच्या बाजारातल्या एका घड्याळजीला देऊन दुकान बंद करायचे. तो सोमवारी येणार होता. दादांनी होकार दिला. नकार द्यायलाही अंगात त्राण लागते.

रविवारी सकाळी मावशी भावाला भेटायला गेल्या. न्याहारी आटोपली होती. वहिनींनी दुधाचा पेला आणि गोळी दादांच्या पुढे ठेवली, दादांनी ती गिळली. मावशींनी सहज विचारले, की गोळी नेहमी खाण्यानंतरच असते का. वहिनी म्हणाल्या, सकाळी घ्यायची, खाण्याआधी की नंतर हे बंधन नाही, कागदावर तसेच आहे. मावशींनी कागद मागितला.

आता वहिनींविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. वहिनी तीस वर्षे गणिताच्या शिक्षिका होत्या. बुद्धी धारदार, माया त्याहून मोठी. नवऱ्याची एक गोळी त्यांनी चुकू दिली नव्हती. कागदावर लिहिले होते, ‘ही गोळी रोज सकाळी अनशापोटी घ्यावी.’ शब्द त्यांना नवा होता. पण नव्या शब्दाला भिणारी ती बाई नव्हे.

“सोपं आहे, वन्सं,” वहिनी म्हणाल्या. “अवयव पाडायचे. अ म्हणजे नाही. नशा म्हणजे नशा. पोटी म्हणजे पोटात. दारू पिऊन गोळी घेऊ नये. तुमच्या दादांनी जन्मात थेंब घेतला नाही, म्हणजे ही अट आपल्याला लागूच नाही.”

दादा जड आवाजात म्हणाले, “घेतली असती तर निदान झोपेचं कारण तरी कळलं असतं.”

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी शब्दावर अंगठा ठेवला. रोज सकाळी, मग झाकलेली जागा, मग घ्यावी. शेजारी दोनच, आणि दोघेही अबोल. वहिनींचे उत्तर त्या ओळीत बसत होते, हे खोटे नाही. पण छत्तीस वर्षे कागद दुमडणाऱ्या हाताला ठाऊक असते, की कागदाला दुसरी बाजू असते. मावशींनी कागद उलटला. मागे लिहिले होते, ‘त्यानंतर अर्ध्या तासाने न्याहारी करावी. चहा, दूधही तोवर घेऊ नये.’

“वहिनी, मलाही हा शब्द ठाऊक नाही,” मावशी म्हणाल्या. “पण दारूचा शब्द असता तर त्याच्या शेजारी न्याहारी कशाला आली असती? दूध कशाला आलं असतं? मला वाटतं, इथे रिकामं पोट आहे.”

वहिनींनी कागद घेतला, मागची बाजू वाचली, पुन्हा पुढची वाचली. उत्तर सापडले की वही मिटायची, ही त्यांची जुनी सवय. त्यांचा चेहरा उतरला.

पण मावशी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुस्तकात अंदाज चुकला तर एक ओळ बिघडते, इथे माणूस बिघडला असता. दोघी नणंद-भावजया उठल्या आणि औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने शब्द ऐकला आणि सांगितले, की अनशापोटी म्हणजे सकाळी काहीही न खाता, रिकाम्या पोटी. ही गोळी खाण्याबरोबर घेतली तर अंगी पुरती लागतच नाही. त्याच दिवशी वहिनींनी डॉक्टरांना सारे कळवले. ते म्हणाले, मात्रा वाढवायची नाही, वेळ सुधारा, आठ आठवड्यांनी रक्त पाहू.

सोमवारी तो घड्याळजी पिशवी घेऊन आला. दारात वहिनी उभ्या होत्या. त्या माउलीने चूक नशिबावर ढकलली नाही, डॉक्टरांवर ढकलली नाही. “माझं उत्तर चुकलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते दुरुस्त होईपर्यंत हत्यारं घरातच राहतील.”

मग रोज सूर्य वर यायच्या आत गोळी, घोटभर पाणी, आणि अर्धा तास स्वयंपाकघर बंद. दादा चहासाठी कुरकुरत आणि वहिनी ढळत नसत. तिसऱ्या आठवड्यात दादांची दुपारची झोप हलकी झाली. पाचव्यात बोटातली अंगठी फिरू लागली. आठव्या आठवड्यात रक्ताचा कागद आला. वहिनींनी तो दोन्ही बाजूंनी वाचला, आणि मगच सगळे ठीक आहे म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी मावशी कोपऱ्यावरून जाताना थबकल्या. दुकानाची फळी उघडी होती. दादांच्या डोळ्यावर भिंग होते, पुढ्यात नखाएवढे बायकी घड्याळ उलटे पडले होते, आणि चिमट्याच्या टोकावर एक स्क्रू स्थिर होता. मावशी जवळ गेल्या, वाकून पाहू लागल्या, काही बोलणार इतक्यात दादांनी मान न वळवता, मोकळ्या स्वच्छ आवाजात सांगितले,

“बाजूला हो गं जरा. उजेड अडतोय.”