इनेसबाईच्या फळ्या आणि चष्म्यातला ट्रॅक्टर

इनेस बोंदावाल्ली म्हणजे इटलीतल्या रेज्जो गावच्या ट्रॅक्टर कारखान्यातली सांगाडेवाली. नवा ट्रॅक्टर लोखंडात उतरायच्या आधी ही तो लाकडात उभा करायची. खऱ्या मापाचा, वर पॉलिश असं, की बघणाऱ्यानं त्यात मिशा कोराव्यात. तीस वर्षं हेच. नवरा गेला, कंबर गेली, रंधा काही सुटला नाही. तिचा एक नेम होता: सांगाड्यात माणूस बसवायचा तो जेवण झाल्यावरच.

"उपाशीपोटी कुणीबी मावतंय," ती म्हणायची. "मळ्यात गडी प्वाट घिऊन चढतो."

यंदा इंजिनीअर दावोलीनं व्हीआरचा चष्मा आणला. डोळ्यांवर चढवला की रिकाम्या खोलीत ट्रॅक्टर दिसतो. लाकूड नको, भुसा नको, आणि इनेसही नको. द्राक्षमळ्याचा अरुंद ट्रॅक्टर नुसता चष्म्यात पास झाला, की सुतारखान्याला कुलूप, असं वरून ठरलं होतं.

सकाळी दहाला दावोलीनं ऑफिसातला एक काडीपैलवान कारकून बसवला. तो म्हणाला, "ऐसपैस आहे!"

"ह्याला मी बाटलीतबी बसवीन," इनेस म्हणाली. "दुपारी लेआर्कोला बोलवा."

लेआर्को स्पाज्जारी हा सव्वाशे किलोचा द्राक्षवाला. न्योक्कोच्या तळलेल्या पुऱ्या, डुकराच्या मांसाच्या चकत्या आणि बाटलीभर लांब्रुस्को वाइन रिचवून चिखलाच्या बुटांसकट आला. चष्मा घालून हवेतल्या दारातून शिरला आणि स्टुलावर बसला.

"बघा, मावले!" दावोली म्हणाला.

"न मावून जात्यात कुठं?" इनेस म्हणाली. "हवेच्या चौकटीला प्वाट घासतंय व्हय, सायेब?"

इनेसनं कॉम्प्युटरमधलं दाराचं माप विचारलं, आणि लेआर्कोला उतरवून तेवढ्याच अंतरावर दोन फळ्या उभ्या ठोकल्या. "आता चढा पाव्हणं."

पाव्हणं चष्म्यासकट चढलं आणि पोटावर अडकलं. पुढं जाईना, मागं येईना.

"हसू नगा, इनेसबाय! तुमी हसला की मला हसू येतंय, अन् प्वाट आणिक फुगतंय!"

इनेसनं फळी ढिली करायला हातोडी उचलली. तेवढ्यात चष्म्याआडून लेआर्को म्हणाला, "थांबा जरा. वेलाचा बुडखा दिसंना की! ह्या नाकाडाआड दडलाय. नांगर फिरला की ग्येला!"

दावोलीनं चष्म्यात उताराचा मळा मांडला होता, तो नुसता शोभेला. पण त्या उतारावर बॉनेटच्या नाकाडानं डावी ओळ झाकली होती. इनेसची हातोडी हवेतच राहिली. तिचे सगळे सांगाडे सपाट फरशीवर उभे राहिले. मळ्यात एकही गेला नव्हता. मागच्या ट्रॅक्टरनं वेल कापले तेव्हा शेतकरी शिव्या देत आले होते, आणि इनेसनं त्यांनाच आंधळे ठरवलं होतं.

"हे मला कवाच दिसलं न्हाई," ती म्हणाली. कुणी विचारलं नसताना म्हणाली.

दावोलीही मग फुशारकी विसरला. "नाक उतरतं करतो, दार रुंद करतो. पण बाई, फळ्या तुम्हीच ठोका. जिथं अंग टेकतं तेवढंच लाकूड. बाकीचं चष्मा दाखवेल. पॉलिश नको."

"पॉलिशबी न्हाई?"

"कुणाला दिसणार?"

हे तिला झोंबलं. तोंड वाकडं करून ती म्हणाली, "बरं."

"तुमचं ठरलं आसंल तर मला काढा!" लेआर्को ओरडला.

इनेसनं एक खिळा उपटला. दुसऱ्याला हात घालण्याआधी तिनं खिशातला कागद दावोलीपुढं धरला. "आधी ह्यावर ल्ह्या सायेब. सुतारखाना चालू राहणार, असं. खाली सही."

दावोलीनं लेआर्कोच्या पाठीवर कागद ठेवून सही केली.