नऊ नाटकांच्या गयाक्का

मी गयाक्कांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना मिशी होती. वडगाव रासाईच्या मैदानात, भर उन्हात, त्या एकट्याच सासू-सासऱ्याचं भांडण करत होत्या. फेटा डोक्यावर असला की सासरा, तोच सोडून पदरासारखा घेतला की सासू. मिशी मात्र दोघांनाही होती. खेळ संपल्यावर मी म्हणालो, "अक्का, सासूला मिशी राहिली."

"डाक्टर, घरात हुकूम कुणाचा चालतो? सासूचाच न्हवं? मग मिशी तिला नको व्हय?"

मी डॉक्टर नव्हतो. साधा आरोग्य सेवक होतो, तापाच्या रुग्णांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचे नमुने घेत हिंडणारा. पण त्यांच्या मते सुई टोचतो तो डॉक्टर, आणि त्यावर चर्चा नाही.

नव्वदचं दशक होतं. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या गावांतून कुटुंब नियोजन, साक्षरता, पोलिओचे डोस अशा मोहिमा चालायच्या. लोक भाषणाला येत नाहीत, नाटकाला येतात, हे वरच्यांना कळलं आणि कलापथकं निघाली. आमच्या कलापथकात गयाक्का, म्हणजे कागदोपत्री गयाबाई, ढोलकीवर त्यांचा धाकटा भाऊ सोपान आणि जीपमधला कर्णा सांभाळायला मी.

नाटकं गयाक्कांचीच. वडील वस्तीतल्या जलशात गायचे. त्यांच्या मांडीला टेकून ऐकता ऐकता गयाक्कांना चाली आणि उत्तरं देण्याची खोड, दोन्ही लागल्या. शाळेत मात्र पाय पडला नाही, कारण सोपान कडेवर होता. नाटक व्हायचं ते खुरपणी करताना. कांद्याच्या दोन सऱ्या खुरपून झाल्या की एक प्रवेश तयार. शेजारच्या बांधावरच्या बायका हसल्या तर ठेवायचा, नाही तर तणाबरोबर उपटून टाकायचा.

अडचण एकच. मंजुरीसाठी कचेरीला लेखी संहिता लागायची, तीन प्रतींत, आणि गयाक्कांना अक्षर येत नव्हतं. मग त्या सांगायच्या आणि मी लिहायचो. लिहिता लिहिता मी सुधारायचो. त्या म्हणायच्या, "पोरी, लिवाय शीक, न्हाई तर नवऱ्याचं पत्र सासू वाचंल." मी लिहायचो, "भगिनींनो, साक्षर व्हा." रंगमंचावर त्या स्वतःचंच बोलायच्या, म्हणून काही बिघडत नव्हतं.

पहिल्या पानावर 'लेखन' असं लिहून पुढे सही लागायची. कचेरीतला माणूस म्हणाला, लेखकाचा अंगठा कसा चालेल? मी माझं नाव घातलं, दत्तात्रय. पहिल्यांदा सोय म्हणून. तिसऱ्या नाटकापर्यंत मला ते नाव तिथे शोभतंय असं वाटायला लागलं. एका बैठकीत कुणी तरी मला "आमचे लेखक" म्हणालं. मी चहा पीत राहिलो.

मग यवतजवळच्या एका गावात साक्षरतेचा प्रयोग होता. गयाक्का झाल्या होत्या लिहावाचायला शिकलेली म्हातारी. मुलाचं पत्र म्हणून त्यांनी हाताला येईल तो कागद काढला आणि वाचायला लागल्या. पुढच्या खुर्चीत बसलेले पाहुणे साहेब मोठ्यानं म्हणाले, "आजी, कागद उलटा धरलाय!"

सोपानचा हात ढोलकीवर थांबला.

"उलटाच धरते सायब," गयाक्का म्हणाल्या. "ह्यो लेक माझा कवा सरळ लिवतोय? तुमीच वाचा, तुमी शिकलेलं."

साहेबांनी ऐटीत कागद घेतला आणि वाचला, "करपा दिसताच पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या कराव्यात." तो कांद्याच्या औषधाचा कागद निघाला.

"बघा बाया हो! आईची ख्यालीखुशाली न्हाई इचारली, कांद्याची इचारली!"

लोक हसून लोळले. साहेबही हसले. परतताना जीपमध्ये गयाक्का मात्र हसत नव्हत्या. म्हणाल्या, "डाक्टर, मला अक्षर शिकवा. पर गुपचूप. चार वरीस झाली मी लोकास्नी शिका म्हून सांगतीया."

शिकवणी जीपमध्येच सुरू झाली. दर खड्ड्याला त्यांचा काना मात्रेला जाऊन भिडायचा. दोन महिन्यांत त्या रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागल्या. जोडाक्षरं मात्र मी पुढे ढकलत राहिलो. "अवघड असतात, घाई नको," म्हणायचो. खरं कारण असं, की 'दत्तात्रय' या नावात दोन जोडाक्षरं आहेत.

पण त्यांना माझं नाव वाचायची गरजच पडली नाही. एके दिवशी माझ्या पिशवीतून संहिता काढून पहिल्या पानावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "ले-ख-न. आन् म्होरं नावात ग कुठं हाय?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"या बी न्हाई. बाई बी न्हाई." त्यांनी सगळ्या नऊ संहितांचं पहिलं पान पाहिलं. मग संहिता नीट रचून माझ्या मांडीवर ठेवल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी जन्मनोंदणीवर नाटक हवं असा निरोप आला. गयाक्का समोर बसल्या. "लिवा. गंगू बाळंत झाली. कारकून नोंद कराया आला. गंगूला सही येत न्हाई, म्हून आईच्या रकान्यात त्यानं सोताचंच नाव घातलं."

माझं पेन थांबलं.

"थांबू नगा. मग समदं गाव कारकुनाच्या दारात. बाया म्हंत्यात, तू आई न्हवं? घे पोर, पाज दूध! कारकून पळतोय म्होरं, बाया मागं."

मी शब्दही न बदलता लिहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आन् कारकुनाचं काम तुमी करायचं. तुमच्यावानी कारकून मला कुठं घावायचा?"

प्रयोग वडगाव रासाईलाच झाला. मी पळत होतो, गयाक्का हातात कापडाचं बाळ घेऊन मागे, आणि मैदान आरडत होतं, "पाज की! पाज की!" शेवटी कारकुनानं म्हणायचं होतं, "गंगूबाई, चुकी झाली, नाव खोडतो." मला ते वाक्य आठवेना. मी लोकांपुढे हात जोडले आणि म्हणालो, "हे नाटक गयाबाईंनी लिहिलंय. आधीची नऊही त्यांचीच आहेत. माझं नाव खोटं आहे."

गयाक्कांनी कमरेवर हात ठेवला. "डाक्टर, हे वाक्य माझ्या नाटकात न्हाई. आपल्या मनचं घालायची खोड काय जात न्हाई तुमची!"

टाळ्या त्यांना पडल्या, आणि माझी सुटका झाली.

त्या पावसाळ्यात नऊ नाटकं नव्यानं लिहून काढली, त्या सांगतील तशी. 'लेखन'पुढे त्या स्वतः नाव लिहायच्या, पान फाटेल इतकं पेन दाबून. कचेरीनं का बदललं म्हणून विचारलं, मी लेखी खुलासा दिला, आणि बैठकीत मला कुणी लेखक म्हणालं नाही. मग माझी बदली झाली. निरोपाला त्यांनी पिशवीभर वांगी दिली आणि बजावलं, "तिकडं कुणाचं पोर सोताच्या नावावर लावू नगा."

काही वर्षांनी त्या गेल्याचं सोपाननं फोनवर कळवलं. मला पोचायला दोन दिवस उशीर झाला. घरासमोर बसलो, सोपान ढोलकीला हात न लावता नुसता शेजारी बसला होता.

मध्यंतरी शिरूरला बचत गटाच्या मेळाव्यात बायकांनी तेच जन्मनोंदणीचं नाटक केलं. कारकुनाच्या कामाला एक पोरगेला ग्रामसेवक होता, चांगला पळत होता. 'लेखन : गयाबाई' असं कर्ण्यावरून सांगितलं गेलं. संपल्यावर मी त्या बायकांकडे गेलो. एकीनं विचारलं, "तुमी कोण म्हणायचं?"

मी म्हणालो, "या नाटकातला पहिला कारकून."

"अगं बाई!" ती बाकीच्यांना हाका मारायला लागली. "या गं समद्या, ह्यानंच ते पोर पाजलं न्हाई!"