पाचवा उद्गार

गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून आमच्या मंडळीनं नागपूर स्टेशनच्या फलाटावरच प्रार्थना सुरू केली. सदर भागातल्या मिशन कंपाउंडातली निम्मी माणसं मला पोचवायला आली होती. हमाल, चहावाले, ट्रंकांवर बसलेली बिऱ्हाडं, सगळे आमच्याकडे टकामका बघत होते, आणि माझे बाबा डोळे मिटून, हात उंचावून, प्रभूनं माझ्या प्रवासावर छाया करावी असं खणखणीत आवाजात मागत होते. बाबा आमच्या मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री. त्यांचा आवाज लागला की अनोळखी माणूससुद्धा डोक्यावरची टोपी काढायचा. मी एकटीच डोळे उघडे ठेवून उभी होते. नर्सिंगचा कोर्स झाला होता, इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलनं बोलावलं होतं, आणि गाडी एकदाची हलावी एवढंच मला हवं होतं.

आमेन झाल्यावर शेजारच्या मार्थामावशीनं मला पोटाशी धरलं. आई गेल्यापासून आमच्या घरची चूल तीच सांभाळत होती. रडत रडत म्हणाली, "तिकडे काहीही झालं तरी आपल्या आईसारखं सोसजो वं पोरी." भोवतीच्या बायांनी माना डोलावल्या. मी तिचे हात सोडवले आणि डब्यात चढले. लोकांना वाटलं, पोरीला रडू आवरत नाही. रडू कसलं! संताप आला होता मला.

तुम्ही जे अजून कंपाउंडात आहात, आणि तुम्ही जे पुण्याला, कुवेतला, कॅनडाला पांगलात, त्या सगळ्यांना हे सांगायचं राहून गेलंय. माझ्या आईच्या सोसण्याची गोष्ट तुम्ही सगळे सांगता. मयतीत सांगता, महिला मंडळात सांगता, नव्या सुनांना तर हमखास सांगता. ती गोष्ट खोटी आहे. खरी कशी होती ते आज जरा माझ्याकडून ऐका.

आई मिशनच्या शाळेत शिकवायची. सोशीक वगैरे अजिबात नव्हती हो! दुधात पाणी दिसलं की दूधवाल्याला फाटकापर्यंत झापत जायची. तिच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि वर्षाच्या आत दुखणं पाठीच्या हाडात उतरलं. डॉक्टर आमच्या ओळखीचे होते. त्यांनी बाबांना आणि आईला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की आता आजार बरा होणार नाही, पण दुखणं थांबवायला सुई देता येईल, बाई निदान झोपतील. आई म्हणाली, "विचार करून सांगते." सुईची सवय लागते, माणूस भ्रमिष्ट होतो, असं तेव्हा सगळेच म्हणायचे, त्याची तिला भीती होती. एवढंच होतं ते.

पुढच्या रविवारी बाबांनी व्यासपीठावरून मंडळीला सांगितलं, की आमच्या घरच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आईनं, सुई नाकारली आहे. प्रभूच्या दुःखात सहभागी होण्याचं तिनं पसंत केलं आहे.  बायांनी डोळ्यांना पदर लावले. आई त्या वेळी घरी खाटेवर पडून होती.

मी नर्सिंगच्या हॉस्टेलवरून आले तेव्हा मला हे कळलं. मी तिच्याशी भांडले. "आई, घे ना सुई, काहून अंगावर काढून राहिली?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता कशी घेऊ वं? तुझे बाबा सगळ्यायसमोर बोलून बसले. मी सुई घेतली त त्यायची जबान जाईन."

नवऱ्याची जबान. त्यासाठी ती उशीचा कोपरा दातात धरून पडायची.

मग लोक यायला लागले. आधी कंपाउंडातले, मग शहरातल्या महाल भागातले, मग रामटेकच्या बाजूच्या खेड्यांतल्या मंडळ्याही बसनं आल्या. खाटेभोवती बसून उपकारस्तुती करायचे. आया आपल्या लग्नाच्या मुलींना घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, बघ, विश्वास म्हणतात तो हा. कुणी येणार असं कळलं की आई केस विंचरून घ्यायची आणि हसून बोलायची. माणसं फाटकाबाहेर गेली की तिच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो मी अजून विसरलेले नाही. आमचं देऊळ, तुमच्या पोरांच्या भाषेत चर्च, रविवारी भरायला लागलं. मागच्या भिंतीशी माणसं उभी राहायची. बाबा सहज एकदा म्हणाले, "एवढी मंडळी या देवळानं कधी पाहिली नव्हती."

गुड फ्रायडेची आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. जे नंतर लांब गेले त्यांच्या मुलाबाळांसाठी सांगते. दुपारी बारा ते तीन उपासना. वधस्तंभावर प्रभूनं काढलेले सात उद्गार, आणि प्रत्येक उद्गारावर मंडळीतल्या एकेकानं बोलायचं. पहिला क्षमेचा उद्गार पाळकाचा. चौथा, देवानं सोडून दिल्याचा, तो शिकलेल्या माणसाकडे जायचा, कारण अवघड. पाचवा तहानेचा. तो सगळ्यांत छोटा, म्हणून बाईमाणसाला द्यायचे. आमच्याकडे वर्षानुवर्षं तो आईकडेच होता. बाहेर नागपूरचं ऊन, पंखे गरम हवा फिरवताहेत, सकाळपासून कुणी पाण्याचा थेंब घेतलेला नाही, आणि आई तहानेवर बोलायची. छान बोलायची. पोरं गपगार ऐकायची.

त्या वर्षी बाबांनी तिला विचारलं, जमेल का. ती लगेच हो म्हणाली. मला नवल वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जरा तजेला होता म्हणून मी आडवी आले नाही. भरउन्हात तिला खाटेसकट देवळात नेलं आणि व्यासपीठाच्या पायरीशी ठेवलं. चौथा उद्गार संपला. मार्थामावशीनं तिला पाठीला लोड देऊन बसवलं.

दर वर्षी ती पुस्तकी मराठीत बोलायची. त्या दिवशी घरच्यासारखी बोलली.

"प्रभू वधस्तंभावर होता. लोक पाहून राहिले होते. हसून राहिले होते. तरी त्यानं मांगतलं. तहान लागली म्हणून सांगतलं. देवाचा पोरगा असून त्याले मांगायची लाज नाही वाटली. मंग मलेच काहून लाज वाटावी? मले दुखते. लय दुखते. आता सोसत नाही. कोणी तरी मले सुई द्या."

 मग मागून कुणीतरी "आमेन" म्हटलं. मग सगळ्या देवळानं म्हटलं. बाया हुंदके द्यायला लागल्या, पुरुष चष्मे काढून पुसायला लागले. त्यांना वाटलं, हा उपदेश आहे! बाईंनी प्रभूची तहान स्वतःच्या देहात उतरवून दाखवली, केवढी ही साक्ष! बाबांनी रुमालानं डोळे टिपले आणि गीताचा क्रमांक सांगितला. पेटी सुरू झाली. आई तशीच बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

जन्मभर उपदेश ऐकलेल्या माणसांनीच करावी अशी ही चूक. सदरच्या चौकातल्या सायकलरिक्षावाल्यानं तेच शब्द ऐकले असते ना, तर तिला उचलून रिक्षात घातलं असतं आणि दवाखान्यात नेलं असतं. तो बिचारा कुठल्या देवळात गेलेला नव्हता.

मी उठले आणि मधल्या वाटेनं बाहेर पडले. डॉक्टर सुटीचे घरी जेवायला बसले होते. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ताटावरून उठले. आम्ही परत आलो तेव्हा सातवा उद्गार झाला होता आणि लोक रांगेनं येऊन आईचा हात हातात घेत होते. डॉक्टरांनी सगळ्यांना बाजूला केलं, तिला घरी नेलं आणि सुई दिली. बाबा दारात उभे होते. नको म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. संध्याकाळपर्यंत आई तोंड उघडं टाकून, घोरत, मुलासारखी झोपली होती.

नंतर जे काही थोडे दिवस मिळाले त्यात तिला नेमानं सुई मिळाली. भ्रमिष्ट झाली नाही की काही नाही. उलट खाटेवरूनच दूधवाल्याला सुनावायला लागली. दीडेक महिन्यात, पेंटेकॉस्टच्या सणाआधी गेली. आणि मयतीच्या उपासनेत बाबा उभे राहून बोलले, की तिनं अखेरपर्यंत निमूट सोसलं. सुईचा उल्लेख नाही. तिच्या मागण्याचा उल्लेख नाही. कब्रस्तानातून येताना मार्थामावशी माझ्या कानाशी लागली, "सुईचं कोणाले सांगू नको वं. तिच्या साक्षीले डाग लागते." तेव्हा मी ठरवलं की इथं राहायचं नाही.

इंग्लंडात थंडीनं हाडं गारठली, बस चुकली, साहेबांचं इंग्रजी कळेना, ते सगळं तुम्हीही भोगलं असेल, त्याचं रडगाणं गात नाही. पण माझ्या नशिबी वॉर्ड आला तो कॅन्सरचाच. तिथल्या सिस्टरनं पहिल्याच शिफ्टला मला बजावलं, की दुखणं परत वर यायच्या आत औषध गेलं पाहिजे. पेशंटला मागायला लावायचं नाही. मी औषधाच्या खोलीत जाऊन रडले. मागायला लावायचं नाही! माझ्या आईनं तर भर देवळात मागितलं होतं.

त्या वॉर्डात मी कितीतरी माणसं मरताना पाहिली. काही देवाला शिव्या देत गेली, काही स्तोत्रं म्हणत गेली. दुखणं आवरलेलं असलं की दोन्ही प्रकारचे लोक बायकोशी बोलायचे, मुलांची चौकशी करायचे, हवापाण्यावर कुरकुर करायचे. वेदनेनं माणूस उजळतो असं बाबा सांगायचे. मी तर कुणाला उजळताना पाहिलं नाही. वेदना माणसाला एवढं एवढं करून टाकते, त्याच्यात दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही.

आणि बलिदान म्हणाल, तर बलिदान कुणासाठी तरी असतं ना? माझ्या आईच्या दात आवळून सोसण्यानं कोण वाचलं? देवळातले बाक भरले, एवढंच. प्रभूचं बलिदान एकदाच झालं, सगळ्यांसाठी पुरेसं झालं, हेच ना आपण शिकवतो? मग बायकांकडून परत परत काय मागता? प्रभूनंसुद्धा वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत गुडघे टेकून हे टळू दे म्हणून विनवलं होतं. पण आपल्याला तो घाम गाळणारा, विनवणारा प्रभू चालत नाही. मी विश्वास सोडलेला नाही, गैरसमज नको. इकडच्या देवळातही मी जाते. फक्त सोसण्याची महती सुरू झाली की उठून बाहेर येऊन उभी राहते.

ऐंशी साल उलटून गेल्यावर बाबांचं दुखणं कळलं आणि मी रजा घेऊन नागपूरला आले. त्यांनाही कॅन्सरच, हाडापर्यंत गेलेला. कंपाउंड अर्धं ओस पडलं होतं, मार्थामावशी गेली होती. मी डॉक्टरांची चिठ्ठी आणून सुईची सोय केली. बाबांनी हात मागे घेतला. "राहू दे, एस्तू. मले सोसू दे. तिनं सोसलं."

माझा तोल गेला. "तुम्ही सोसल्यानं तिचं दुखणं कमी होणार आहे का, बाबा? पुरे झालं आता!" एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्यावर जन्मात ओरडले नव्हते.

बाबांनी पंख्याकडे नजर वळवली. मग म्हणाले, "मले समजलं होतं वं."

"काय समजलं होतं?"

"त्या दिवशी. ती उपदेश करून नव्हती राहिली. ती खरंच सुई मांगून राहिली होती. मले तेव्हाच समजलं. पण मंडळी रडून राहिली होती, एस्तू. माझ्या कोणत्याच उपदेशाले मंडळी तशी रडली नव्हती."

इतकी वर्षं मी मंडळीवर संतापत होते. बाबांना मात्र मनातल्या मनात सोडून दिलं होतं, भोळे म्हणून.  खोलीतून निघून जावं, थेट स्टेशन गाठावं असं वाटलं, आणि तसं केलं असतं तर तुमच्यापैकी कुणीही मला बोल लावू शकलं नसतं. पण त्यांच्या कपाळावर घाम यायला लागला होता. मला तो घाम कळतो, माझं कामच आहे ते. मी सुई भरली. त्यांनी या वेळी दंड पुढे केला.

क्षमा केलीस का, असं मला विचारू नका. नाही केली. पण ते जाईपर्यंत एकदाही त्यांना माझ्याकडे औषध मागावं लागलं नाही.

आता नागपुरात माझं म्हणावं असं कुणी नाही. लोक विचारतात, घरची आठवण येते का. मी आता घर म्हणते ते इकडचं, इंग्लंडातलं, दोन खोल्यांचं, ओलीनं भिंती काळ्या पडलेलं. मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलीची दाढ ठणकायला लागली आणि पोरीनं सगळी गल्ली डोक्यावर घेतली. माझे यजमान नगरचे, स्वभावानं भिडस्त. ते तिला म्हणाले, "हळू गं, शेजारी काय म्हणतील?" आणि गोळी शोधता शोधता मी आतून ओरडले, "तिला गप्प करू नका! ओरडू दे तिला, मी येतेय."