पाण्याला भिणारे पाळकमामा

माझे मामा पाण्याला भीत. आंघोळीला बसले की बादलीपासून अंग चोरून बसत. विहिरीवर गेले तर मागे सरून दोर ओढत, आणि नागपूरच्या शुक्रवारी तलावाच्या काठाने जायची वेळ आली की वाकडी वाट करून सीताबर्डीला पोचत. आगगाडी पुलावर चढली की डोळे मिटून घेत आणि पलीकडे गेल्यावर विचारत, “झाला का वं पूल?”

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे खपून गेले असते. पण मामा बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, होते. आमच्यात कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाळक नदीत उतरवतो, डोक्यासकट पाण्याखाली नेतो आणि वर काढतो. मामांच्या वडिलांनी आणि आजोबांनी, दोघेही पाळकच, वैनगंगेत हेच केले होते. नागपुरात मात्र हे काम एक वृद्ध पाळक करीत, त्यामुळे मामा बचावले होते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ते वृद्ध पाळक वारले आणि हे काम मामांवर आले. त्या वर्षी बाप्तिस्म्यासाठी पहिली उभी राहणार होते मी.

त्याच सुमारास मामांनी घराण्याची वंशावळ शोधायला घेतली. लग्नाला जावोत की मयताला, म्हाताऱ्या माणसाजवळ बसून मागच्या पिढ्यांची चौकशी करीत. मंडळीला वाटे, पाळकांना आपल्या कुळाचा अभिमान आहे. आईला खरा प्रकार ठाऊक नव्हता. मला तो मामांनीच सांगितला. “आपल्या घरात पाण्याले भेणारा माह्याआधी कोणी होता का, तेवढंच पाह्यचं आहे,” ते म्हणाले. “नसंल, तर मी या कामाचा नाही.”

पावसाळा सरता सरता ते मला घेऊन पवनीला गेले. तिथे त्यांची आत्या राहत होती, आजोबांची शेवटची हयात लेक. डोळ्यांनी दिसत नव्हते, पण आवाज खणखणीत. मामांनी विचारले तशी तिने पदराचे टोक चाचपत उलट विचारले,

“तुह्या आज्याले लहान भाऊ होता, ठाऊक आहे?”

“हो. पटकीनं गेला म्हणतात.”

“पटकी नाही गा. तोही पाळक होता. एका पोरीले बाप्तिस्मा देताना पाय घसरला त्याचा. ती पोरगीही गेली अन् तोही गेला. मंडळी काठावर गाणं म्हणून राहिली होती.”

मामांचा चेहरा राखेसारखा झाला.  त्या पोरीचे वय विचारायचे मला धाडस झाले नाही.

“अन् मंग माह्या आज्यानं काय केलं?” मामांनी विचारले.

“दुसऱ्या साली त्याच घाटावर मले उतरवलं. बाप माहा असा कापे, की त्याचे दात वाजलेले मले ऐकू येत. तुह्या बापाले हे सांगतलं नाही कोणी. काहून सांगावं?”

 परतीच्या वाटेवर मला वाटले, आता मामा बाप्तिस्मा द्यायला नक्कीच नाही म्हणतील. खरे सांगायचे तर त्यांनी नाही म्हणावे म्हणून मी प्रार्थनाही केली.

कन्हान नदीवर मंडळी जमली त्या सकाळी मामांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पांढऱ्या कपड्यांत ते कमरेइतक्या पाण्यात गेले आणि मला हात दिला. हात बर्फासारखा होता. “मी लय भेऊन राहिलो वं,” ते हळूच म्हणाले. “मीपण,” मी म्हणाले.

त्यांनी मला मागे झुकवले. पाणी नाकातोंडावरून गेले आणि त्याच क्षणी माझ्या पायाखालचा दगड निसटला. मामांचा हात सुटला. वर हिरवट उजेड दिसत होता, काठावरचे गाणे कुठून तरी लांबून येत होते, आणि मला पवनीची ती पोरगी आठवली. मी हातपाय झाडले. मग दंडाला असा हिसका बसला की खांदा निखळला असे वाटले.

मी वर आले तेव्हा मामा स्वतः गळ्यापर्यंत भिजले होते आणि मला छातीशी धरून सगळ्या मंडळीसमोर हमसाहमशी रडत होते. गाणे थांबले होते. आई पाण्यात धावत येत होती. मामांनी मला तिच्या हाती दिले. ते आता काठावर येतील असे सगळ्यांनाच वाटले. ते वळले, रांगेतल्या पुढच्या माणसाकडे पाहिले आणि हात पुढे केला.

पुढे काही वर्षे ते दरसाल नदीत उतरले. भीती कमी झाली नाही; आगगाडी पुलावर चढली की ते अजूनही डोळे मिटून घेत. नंतर त्यांची बदली बालाघाटकडे झाली आणि तिथेच ते तापाने गेले. मी पोचले तोवर माती देऊन झाली होती. अंगणात त्यांचा मोठा मुलगा बसला होता. तोही पाळक होण्यासाठी शिकत होता. तिथल्या मंडळीतले एक गृहस्थ त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, “तुझे वडील वाघ होते. कशाला म्हणून भ्याले नाहीत.”

मुलाने मान खाली घातली. कुणीतरी हात धुवायला पाण्याची बादली जवळ आणून ठेवली, तसा तो अंग चोरून मागे सरला.

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. “भीत होते,” मी म्हणाले. “फार भीत होते. ऐक, तुला सगळं सांगते.”