‘पळाला’ असे मी म्हणालो

लिहायला बसलो, याची आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीसुद्धा केली नाही, सगळे अंगठेच. तेव्हा मी लिहावे आणि तुम्ही वाचावे, हे जरा जास्तच होते. पण ही गोष्ट मी अजून कोणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, खोलीवरच्या सोबत्यालाही नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. चिखलीला वक्तृत्व स्पर्धा होती — माझी पहिलीच! विषय होता, ‘धडक देऊन पळणाऱ्या ड्रायव्हरला जन्मठेप द्यावी.’ मी बाजूने बोलणार होतो. आठ दिवस झोप नव्हती. विहिरीवर, बांधावर, जेवताना — सारखे भाषणच चालू. सभागृहात टाळ्या पडताहेत असे कानात ऐकू यायचे. तुम्हाला कधी असे झाले आहे का?

त्या सकाळी मी शेषरावभाऊंच्या ट्रकमध्ये बसलो. ते जानेफळकडून कापूस भरून मलकापूरला जात. मला केबिनमध्ये फुकट बसवत आणि मी त्यांना त्यांच्या लेकीची पत्रे वाचून दाखवी, असा आमचा रिवाज होता. त्यांचा क्लीनर तापाने घरी पडलेला, म्हणून दोघेच होतो.

“काय हो कालेजवाले, आज कोनाले फाशी द्याले चालले?”

मी पूर्ण भाषण म्हणून दाखवले — मोठ्याने, हातवारे करून. ते हसत ऐकत होते. मग म्हणाले, “जन्मठेप द्या, काई बी द्या. पन येवढा धाक घातल्यावर थांबीन कोन, सांगा बरं मले?”

मला रागच आला. एका ड्रायव्हरने माझा मुद्दा खोडावा? उत्तर शोधत होतो, तेवढ्यात वळणावर बैल आडवा आला. गाडी बाजूला घेताना सायकलवाल्याला धक्का बसला.

शेषरावभाऊ थांबले. हे नीट वाचा — ते थांबले. त्या माणसाला उचलून त्यांनी बाभळीच्या सावलीत ठेवले, आपला रुमाल त्याच्या पायाला बांधला. मला म्हणाले, “तुमी बसा याच्यापाशी. म्या पुढच्या गावातून डाक्टरले घेऊन येतो.” आणि गाडी काढली.

शेतातून माणसे धावत आली. वीस-पंचवीस असतील. “डायवर कुठी हाय?” सगळे माझ्याकडे पाहत होते. इतकी माणसे माझ्या तोंडाकडे बघत आहेत, असे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते. आणि भाषण तर जिभेवर तयारच होते —

“पळाला,” मी म्हणालो.

काऊन म्हणालो? सांगता येत नाही. भीती नव्हती. खरे सांगू? आनंद होता. माझे भाषण रस्त्यावर खरे होत होते!

एका पाटलाची जीप ट्रकच्या मागे सुटली. अर्ध्या तासाने शेषरावभाऊंना घेऊन आले. ओठ फुटलेला, सदरा फाटलेला. “अरे, म्या डाक्टरले आनाले चाललो होतो! त्या कालेजवाल्याले इचारा ना!”

मला विचारले. सगळ्यांसमोर.

“मला ते काही बोलले नाहीत,” मी म्हणालो.

शेषरावभाऊंनी माझ्याकडे पाहिले. पुढे पोलिसांपुढे तेच, कोर्टातही तेच. सायकलवाला बेशुद्ध होता. त्याला काय माहीत? पाय मोडला, पण तो वाचला. शेषरावभाऊंना मात्र पळाल्याबद्दल जास्तीची कैद झाली.

आणि मी? दुपारी जीपनेच चिखलीला पोचलो. ‘मी आज डोळ्यांनी पाहून आलो आहे’ अशी सुरुवात केली. काय टाळ्या पडल्या! ढाल मिळाली. ती अजून माझ्या ट्रंकेत आहे.

नंतर स्टँडवर ड्रायव्हर लोकांत बोलणे ऐकू येई. “शेषराव थांबला, काय भेटलं त्याले? आपन थांबू नाई बे. पाय दाबाचा न् निंगाचं.” मी मान खाली घालून एसटीत चढायचो.

काल धाकट्या बहिणीचे कार्ड आले. सोमवारी आमच्या आळीतली सरूमावशी बाजाराला निघाली होती. त्याच वळणावर एका ट्रकने तिला उडवले आणि तो गेला. मागून आणखी दोन गाड्या आल्या. पहिली थांबलीच नाही. दुसरी हळू झाली. शेतात निंदणाऱ्या बायका लांबून हाका मारत होत्या, त्यांनी ड्रायव्हरला ओळखले. शेषरावभाऊ सुटून आले आहेत, पुन्हा गाडीवर आहेत. त्यांनी खिडकीतून खाली पाहिले, हाका मारणाऱ्या बायकांकडे पाहिले आणि गाडी पुढे काढली.

बैलगाडी येईपर्यंत मावशी शुद्धीवर होती, असे बहिणीने लिहिले आहे. दवाखान्यापर्यंत पोचली नाही.